वाशातला भुंगा, झाडावरचं मोहोळ: भिऊ नका, जाळू नका



उन्हं वाढू लागली की एक प्रश्न हमखास येतो. "घराच्या वाशाला काळा भुंगा भोकं पाडतोय. खाली भुसा पडतो. दारात उभं राहिलं की तोंडासमोर येऊन घोंगावतो. पोरं भितात. काय औषध मारावं?" दुसरा प्रश्नही त्याच्या पाठोपाठ असतोच. "विहिरीवरच्या पिंपळाला आग्या मोहोळ लागलंय. पेटवून द्यावं का?"

दोन्ही प्रश्नांचं थोडक्यात उत्तर असं: औषध मारू नका, पेटवू नका. पण नुसतं 'नको' म्हटलं तर कुणाचं समाधान होत नाही. भीती खरी असते आणि लाकूडही आपल्या कष्टाचं असतं. म्हणून या माशा कोण, त्या काय करतात, कोणती डसते, कोणती डसत नाही आणि त्यांच्या शेजारी सुखानं कसं राहावं, हे नीट समजून घेऊ.

हा भुंगा कोण?

शाळेत इंग्रजी शिकणारी मुलं या काळ्या, जाड माशीला 'बंबल बी' म्हणतात. पण खरी बंबल बी वेगळी. ती अंगभर दाट केसांची, थंड हवेतली माशी आहे. आपल्या देशात ती मुख्यतः काश्मीर, हिमाचल अशा हिमालयाच्या भागात आढळते आणि उंदरांच्या सोडलेल्या बिळात, गवताच्या ढिगात घर करते. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात जो दिसतो तो सुतार भुंगा. तोही मधमाशीच्याच मोठ्या कुळातला. मात्र त्याला ना राणी, ना हजारो कामकरी माशांचं मोहोळ. एक मादी, तिचं एक भोक आणि तिची चार-सहा लेकरं, एवढाच संसार.

हा भुंगा आपल्या मुलखाला नवा नाही. पैठणजवळच्या आपेगावी जन्मलेल्या ज्ञानेश्वर महाराजांनी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या पहिल्याच अध्यायात त्यांनी या भुंग्याचा दाखला दिला आहे. कोरडं, कठीण लाकूड सहज पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, असा त्याचा भाव. म्हणजे सातशे वर्षांमागेही आपल्या माणसांना ठाऊक होतं की हा लाकूड पोखरतो आणि फुलावर जीव टाकतो. ही दोन्ही कामं तो आजही करतो.

भुंगा लाकूड खातो का?

नाही. वाळवी लाकूड खाते, भुंगा खात नाही. त्याचं अन्न म्हणजे फुलातला रस आणि पराग. मादी आपल्या जबड्यांनी लाकडात साधारण बोट जाईल एवढं गोल भोक पाडते. थोडं आत गेलं की ती वळते आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेनं बोगदा कोरत जाते. खाली पडतो तो या कोरण्याचा भुसा.

बोगद्याच्या टोकाला ती पराग आणि फुलरस कालवून एक गोळा ठेवते. बाळंतिणीसाठी डिंकाचा लाडू बांधावा, तसा तो लेकरासाठी बांधलेला लाडूच समजा. त्यावर एक अंडं घालते. कीटकांच्या मानानं हे अंडं फार मोठं असतं. मग लाकडाच्याच भुशाचा पडदा करून ती खोली बंद करते. पुन्हा पुढची खोली, पुन्हा लाडू, पुन्हा अंडं. अळी तो लाडू खाऊन वाढते आणि सुमारे महिना-दीड महिन्यात नवा भुंगा तयार होतो. मादी एवढ्या कष्टानं जेमतेम काही अंडी घालते. म्हणून एक घरटं औषधानं मारलं तर नुकसान मोठं होतं. भुंग्यांची संख्या पुन्हा भरून यायला वेळ लागतो.

तोंडासमोर घोंगावतो तो कोण?

मंडळी, इथं सगळ्यांची गल्लत होते. जो हवेत एका जागी तरंगतो, माणसाच्या तोंडासमोर येतो, दुसऱ्या भुंग्याच्या, पाखराच्या, अगदी फेकलेल्या खड्याच्याही मागे धावतो, तो नर. त्याची ती राखण असते. आणि नराला नांगीच नसते! तो कुणालाही डसू शकत नाही. काही जातींत नर पिवळसर, सोनेरी असतो आणि मादी काळी, त्यामुळे ओळखणंही सोपं जातं.

मादीला नांगी आहे. पण ती आपल्या कामात असते. तिला मुठीत धरलं, कपड्यात चिरडलं किंवा भोकात काडी घातली तरच ती डसते. तेव्हा मुलांना एवढंच शिकवा: "भोकात काडी घालायची नाही, भुंगा हातात धरायचा नाही." एवढं पाळलं तर वर्षानुवर्षं एकाच ओसरीवर माणसं आणि भुंगे बिनतक्रार राहतात.

त्याचा आपल्याला उपयोग काय?

वांग्याचं किंवा टोमॅटोचं फूल हातात घेऊन पाहा. मधोमध पिवळ्या नळ्यांचा झुबका असतो. पराग त्या नळ्यांच्या आत कोंडलेला असतो. वांग्यात तो नळीच्या टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर पडतो, मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही. भुंगा फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता अंगातले स्नायू थरथरवतो. तेव्हा 'झूं' असा चढा आवाज येतो आणि पराग भसकन खाली पडतो. मधमाशीला ही कला येत नाही. वारा आणि फुलाची स्वतःची सोय यांवर फळ धरतंच, पण भुंगा येऊन गेला तर फळधारणा चांगली होते आणि फळ भरतं.

तुरीचं फूलही असंच. तुरीच्या फुलात पराग पाकळ्यांच्या होडीत झाकलेला असतो. भुंग्यासारखी वजनदार माशी बसली की होडी खाली दबते आणि पराग तिच्या पोटाला लागतो. मग तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. हैदराबादजवळ पाटणचेरूला असलेल्या इक्रिसॅट संस्थेनं तुरीचं संकरित वाण तयार केलं. ते २०१० मध्ये मध्य प्रदेशात लागवडीसाठी प्रसारित झालं. त्या बियाण्याच्या उत्पादनात नर ओळीतला पराग मादी ओळीत नेणारे मजूर म्हणजे या माशाच. यातून आपल्यासाठीही एक सूचना निघते: घरचं तुरीचं बियाणं राखायचं असेल तर शेजारी दुसरं वाण नसावं, नाहीतर माशा सरमिसळ करतात.

भोपळा, दोडका, कारलं यांना नरफुलं वेगळी आणि मादीफुलं वेगळी. पराग नेणारं कुणी नसेल तर कोवळं फळ पिवळं पडून गळतं. मग आपण म्हणतो, "खत कमी पडलं." शेवगा, ताग, बांधावरची रुई, ही सगळी भुंग्याच्या आवडीची झाडं. कांद्याच्या बियाण्याची गोष्ट तर जालना, देऊळगाव राजा भागातल्या बीजोत्पादक शेतकऱ्यांना सांगायला नको. गोंड्यावर माशी फिरली नाही तर बी भरत नाही.

भुंग्याचा एक दोषही सांगतो. लांब नळीच्या फुलात त्याचं तोंड पोचत नाही. मग तो फुलाच्या बुडाशी चीर पाडून रस पळवतो आणि परागाचं काम करतच नाही. पण ही थोडी चोरी सोडली तर त्याचा हिशेब शेतकऱ्याच्या बाजूनंच जमेचा निघतो.

परदेशातला एक दाखला ऐका. न्यूझीलंडमध्ये गोऱ्या शेतकऱ्यांनी जनावरांसाठी रेड क्लोव्हर नावाचं चाऱ्याचं पीक लावलं. पीक जोरात यायचं, पण बी धरत नव्हतं. दरसाल बी बाहेरून आणावं लागे. कारण त्या फुलाला लागणारी लांब जिभेची माशी त्या देशात नव्हती. शेवटी १८८५ मध्ये इंग्लंडहून बोटीतून बंबल बी माशा नेल्या, तेव्हा बी धरू लागलं. आपल्याकडे हा मजूर फुकट, आपल्याच वाशात राहतो आहे.

आणि आपल्या सह्याद्रीतलं नवल तर वेगळंच. भीमाशंकरच्या जंगलात सुतार भुंग्याची एक जात रात्री, चंद्र नसतानाही फुलांवर जाते. नुसत्या चांदण्यांच्या उजेडात तिला रंगसुद्धा ओळखता येतात, असं शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलं.

घराचं लाकूड कसं वाचवायचं?

"सगळं खरं, पण माझा वासा पोखरला त्याचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. जाड तुळईला एक-दोन भोकांनी काही होत नाही. पण बारीक वाशात किंवा गोठ्याच्या आडव्या बांबूत दरसाल भोकं वाढत गेली तर लाकूड कमजोर होतं, हे खरं. त्यावर उपाय असा:

१. भुंग्याला उघडं, कोरडं, रंग न दिलेलं लाकूड आवडतं. नव्या लाकडाला बसवण्यापूर्वीच तेलरंग किंवा डांबर द्या. जुन्या लाकडालाही रंगाचा हात मारा. रंग दिलेलं लाकूड तो सहसा टाळतो.

२. भोकात भुंगा किंवा पिल्लं असताना भोक बुजवू नका. कोंडलेला भुंगा दुसरीकडून भोक पाडून बाहेर येतो आणि तुमचं नुकसान दुप्पट होतं. भोक रिकामं झालं आहे याची खात्री करा. चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ पाहा. येणं-जाणं नाही, खाली ताजा भुसा नाही, असं दिसलं की लाकडाची खुंटी ठोका आणि वरून लांबी भरून रंग द्या.

३. एक दार बंद करताना दुसरं उघडं ठेवा. घरापासून थोडं दूर, भाजीच्या वाफ्याजवळ किंवा बांधावर त्याच्यासाठी वेगळं घर करा. अंगठ्याएवढ्या पोकळीच्या बांबूचे हात-हातभर तुकडे कापा. प्रत्येक तुकड्याचं एक टोक गाठीनं बंद आणि दुसरं उघडं असावं. आठ-दहा तुकड्यांची मोळी बांधा. ऊन-पाऊस लागणार नाही अशा वळचणीला ती आडवी टांगा. घायपाताचा वाळलेला दांडा तर त्याला फारच आवडतो. बांधावरचे असे दांडे सगळेच तोडून चुलीत घालू नका. दोन-चार राहू द्या.

४. भोकात रॉकेल, फोरेट, कीटकनाशकाची पिचकारी असलं काही घालू नका. ज्या वाशाखाली आपण जेवतो, पोरं झोपतात, धान्य साठवतो, तिथं विष कशासाठी?

इतर माशा ओळखा

घराभोवती सगळ्याच माशा सारख्या नसतात. ओळख पटली की निम्मी भीती जाते.

पोयाची माशी: डासाएवढी, काळी. भिंतीच्या फटीत राहते. तोंडाशी डिंक-मेणाची बारीक नळी दिसते. ही डसत नाही. तिला अजिबात हात लावू नका.

फुलोरी: तळहाताएवढं एकच पोळं, लिंबाच्या किंवा मेंदीच्या झुडपात. स्वभावानं मवाळ. मोहोळ हलवलं तरच डसते.

सातेरी: झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात राहते. एकाशेजारी एक अशी अनेक पोळी असतात. ही पेटीत पाळता येते. घरात शिरली असेल तर मारू नका, मधपाळाला बोलवा.

गांधीलमाशी: ही मधमाशी नव्हे. वळचणीला कागदासारखं घरटं करते आणि पुन्हा पुन्हा डसू शकते. पण पिकावरच्या अळ्या पकडून ती पिलांना घालते. येण्याजाण्याच्या वाटेवर असेल तरच ते घरटं जाणत्या माणसाकडून काढून घ्यावं.

आग्या: सर्वांत मोठी, सर्वांत तापट. हिच्याविषयी वेगळं सांगतो.

आग्या मोहोळ: अंतर राखा

आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं करते. ते हात-दीड हात किंवा त्याहूनही रुंद असतं. वड, पिंपळ, पाण्याची उंच टाकी, विहिरीचा कठडा, पुलाचा खालचा भाग, उंच कडा, अशा जागा तिला लागतात. अजिंठ्याच्या लेण्यांवरच्या कड्याला तर अशी मोहोळं लटकलेली असतात आणि पर्यटकांना माशा डसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात.

ती उगाच उठत नाही. तिला उठवतं ते दगड, धूर, फटाके, मोठा हादरा आणि घार-गरुडासारखे पक्षी. एक माशी डसली की डंखातून एक वास सुटतो. त्या वासावर बाकीच्या धावून येतात आणि बऱ्याच अंतरापर्यंत पाठलाग करतात. यात दाव्याला बांधलेल्या बैलाचा, म्हशीचा जीव जातो, कारण बिचाऱ्याला पळता येत नाही. म्हणून पहिली गोष्ट: मोहोळाखाली किंवा जवळपास जनावर बांधू नका. बांधावंच लागलं तर एका ओढीत सुटेल अशी गाठ मारा.

मोहोळ पेटवलं की काय होतं? पिल्लं जळतात, पण उडालेल्या माशा चवताळतात आणि रस्त्यानं जाणाऱ्या निरपराध माणसाला गाठतात. शेजारची कडब्याची गंजी पेटण्याची भीती वेगळीच. आणि खरं तर एवढा जीव धोक्यात घालायची गरजही नसते. आग्या माशी फिरस्ती आहे. फुलोरा संपला, ऋतू पालटला की ती पोळं टाकून आपणहून निघून जाते. वाटेवर नसेल तर थोडा धीर धरा. शाळेच्या दारात, पाणवठ्यावर, दवाखान्याशी असेल तर ग्रामपंचायतीला कळवा आणि शिकलेल्या माणसाकडूनच काढून घ्या. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे आणि केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्याला आहे. जिल्ह्याच्या खादी ग्रामोद्योग कार्यालयात चौकशी केली तर रस्ता सापडतो.

माशा उठल्याच तर?

• हात झाडत उभे राहू नका. तोंड आणि डोकं उपरण्यानं, पदरानं, घोंगडीनं झाका आणि पळा.

• सरळ घरात किंवा गाडीत शिरा आणि दार-खिडकी लावा. विहिरीत, तळ्यात उडी मारू नका. माशा वर घिरट्या घालत थांबतात आणि माणूस बुडतो.

• आत पोचल्यावर नांग्या लगेच काढा. मधमाशीची नांगी अंगात रुतून राहते आणि तिच्यासोबतची विषाची पिशवी विष सोडत राहते. नखानं काढा, सुरीच्या पाठीनं खरवडा, कसंही करा, पण वेळ घालवू नका.

• साबण-पाण्यानं धुऊन गार पाण्याची घडी ठेवा. लोखंड घासणं, चुना लावणं यात वेळ दवडू नका.

• धाप लागणं, ओठ-डोळे सुजणं, अंगभर गांधी उठणं, चक्कर, उलटी यांपैकी काहीही दिसलं तर एका डंखानंसुद्धा जिवाला धोका असू शकतो. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. खूप माशा डसल्या असतील, किंवा डसलेलं लहान मूल वा म्हातारं माणूस असेल, तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना दाखवा.

शेतात आपण काय करावं?

पीक फुलोऱ्यात असताना शक्यतो फवारणी टाळा. करावीच लागली तर माशा परतल्यावर, संध्याकाळी उशिरा करा. शेजारी मधपेट्या असतील तर आदल्या दिवशी निरोप द्या. बांध अगदी कोरा करू नका. रुई, तरवड, शेवगा, कडुनिंब यांना थोडी जागा द्या. एका पिकाचा फुलोरा संपला की माशांना दुसरीकडे खायला मिळालं पाहिजे. उन्हाळ्यात परातीत पाणी आणि त्यात चार गोटे ठेवा. माशी गोट्यावर बसून पाणी पिते, बुडत नाही आणि तुमच्या रांजणावर गर्दीही करत नाही.

शेवटी एवढंच

बंधूंनो, गोठ्यातल्या बैलाची लाथ बसू नये म्हणून आपण बैल मारत नाही. त्याच्या मागून जात नाही, एवढंच. माशांचंही तसंच आहे. भुंग्याच्या भोकात काडी नको, आग्याला दगड नको, फुलोऱ्यात फवारा नको. एवढी तीन पथ्यं पाळली तर त्या आपल्या वाटेनं जातील आणि जाता जाता तुमच्या वांग्याचं, तुरीचं, भोपळ्याचं काम करून जातील.

हे पत्रक वाचून झालं की ओसरीवर मोठ्यानं वाचा. लेकराबाळांनाही ऐकू द्या. मोहोळाला पहिला दगड बहुतेक वेळा पोरांच्याच हातून जातो. आणि बांबूची मोळी टांगून पाहिलीत तर भुंगे आले का, कोणत्या पिकावर दिसले, ते कार्यक्रमाला पत्रानं जरूर कळवा.

राम राम.